कामगारानं कुणाचं ऐकायचं?

चिरंजीवास, अनेक आशीर्वाद.

कोण कुणाच्या हाताखाली, याचा तू पाठवलेला तक्ता पाहिला. कुपवाड एमआयडीसीतली बावीस माणसांची शेड आणि तीन-तीन मॅनेजर! चौकटी सुबक काढल्यास. पण रात्रपाळीत जॉबच्या बोअरचं, म्हणजे आतल्या भोकाचं, माप बाहेर जायला लागलं तर मशिन बंद कुणी करायचं, ते त्यात कुठं दिसेना. आत्ता तुलाच फोन येतो ना? म्हणजे तक्ता भिंतीवर, कारभार मोबाइलवर.

मी सुपरवायझर होतो तेव्हाची गोष्ट. आमचे मालक संध्याकाळी फेरी मारायचे आणि मी लावलेला जॉब उतरवून ऑपरेटरला परस्पर दुसरा चढवायला सांगायचे. अर्जंट आहे म्हणायचे. सेटिंगचे दोन तास पाण्यात. सकाळी पहिल्या गिऱ्हाइकाचा टेम्पो दारात, माल नाही, आणि बोलणी मला. तीन महिन्यांत ऑपरेटर मला विचारेनासेच झाले. त्यांचं काय चुकलं? पगारावर सही ज्याची, त्याचंच ऐकणार.

कोळसा खाणींच्या कंपनीत हयात घालवलेल्या आंरी फायोल या फ्रेंच इंजिनिअरनं १९१६ साली व्यवस्थापनाची १४ तत्त्वं मांडली. माणसाला हुकूम एकाचाच असावा, हे त्यातलंच एक. जबाबदारी दिली की अधिकारही द्यावा, हे दुसरं. एवढं लांब कशाला, आपली किर्लोस्करवाडी बघ. १९१० साली माळावर कारखाना उभा राहिला, तेव्हा लक्ष्मणराव किर्लोस्करांनी यंत्रांचं काम शंभोराव जांभेकरांकडे, वसाहतीची व्यवस्था भाऊ रामूअण्णांकडे आणि हिशेब मंगेशराव रेग्यांकडे सोपवला होता.

तू एक वही कर. मशिन थांबवणं, इन्सर्ट (हत्याराचं कापणारं टोक) बदलणं, एका दिवसाची रजा, दोन हजारांपर्यंतची खरेदी: हे सुपरवायझरनं तुला न विचारता करायचं. पगारवाढ, मोठी उचल, नवीन माणूस घेणं तुझ्याकडे ठेव. रकमा तुझ्या ऐपतीप्रमाणे बदल, पण आकडा लिही. ‘किरकोळ खर्च’ असं लिहिलंस की पुन्हा फोन सुरू. आणि माल तपासणारा पोरगा उत्पादनवाल्याच्या हाताखाली ठेवलायस, त्याला आधी तिथून हलव. नाहीतर महिनाअखेरीला सगळाच माल पास होतो.

जुन्या फोरमनकाकांना मॅनेजर करून मान दिलास असं तुला वाटतंय. हजेरीपट भरताना ते रडकुंडीला येतात. पगार वाढव, पण त्यांना लेथवरच राहू दे, आणि शिकायला दोन पोरं हाताखाली दे.

फेरीत काही खटकलं तर ऑपरेटरपाशी थांबू नकोस, सुपरवायझरला गाठ. पहिले पंधरा दिवस जीभ चावावी लागेल.

राहिले तुझे आबा. अजून रोज सकाळी शेडमध्ये येऊन हुकूम सोडतात म्हणे. त्यांना तूच सांग. मी सांगितलं असतं, पण आमची दोस्ती चाळीस वर्षांची आहे.

तुझा,
काका