‘एवढं काय मनाला लावून घ्यायचं?’

‘मॅडम, सांगायलाही लाज वाटते. भांडण झालं की बायको जांघेत मारते. मित्रांना सांगितलं तर हसतील. मी उगाच बाऊ करतोय का?’

मी समुपदेशक आहे. हा प्रश्न पुरुषांकडून येतो, पण पहिल्याच भेटीत सहसा येत नाही. आधी झोप लागत नाही, कामात लक्ष नाही, घरी जावंसं वाटत नाही, असं काहीबाही ऐकायला मिळतं. हा पस्तिशीतला गृहस्थही (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत) झोपेची तक्रार घेऊनच आला होता. खोदून विचारल्यावर कळलं, की तो बायकोकडे पाठ करून, मांड्यांत उशी धरून झोपतो.

सुरुवात थट्टेत झाली होती. मित्रमंडळी जमलेली, त्याने बायकोची काहीतरी खोडी काढली आणि तिने लटक्या रागाने जांघेत, थेट वृषणांवर गुडघा मारला. सगळे खो खो हसले. तोही हसला, वाकलेला असतानाच. न हसता उभा राहिला असता तर चेष्टा दुप्पट झाली असती, हे त्याला शाळेपासून माहीत होतं. मुलं एकमेकांना तिथे मारतात, मार खाणारा लोळतो, बाकीचे टाळ्या पिटतात. त्या वयात शिकलेलं हसू पस्तिशीतही सुटत नाही. बायकोने मात्र ते हसू खरं मानलं. पुढे तोच गुडघा भांडणात आला. शेवटच्या वेळी तो बाथरूममध्ये जाऊन ओकला, नंतर दोन दिवस नीट चालता येत नव्हतं. ऑफिसात पाठीत उसण भरल्याचं सांगितलं. डॉक्टरकडे गेला नाही, कारण ‘काय झालं’ या प्रश्नाला उत्तर नव्हतं.

मी त्याला आधी मूत्ररोगतज्ज्ञांकडे पाठवलं. सोनोग्राफीत काही निघालं नाही, पण तिथे मिळालेली माहिती पुढे फार कामाला आली. वृषण गर्भावस्थेत पोटात, मूत्रपिंडांजवळ तयार होतात आणि नंतर खाली उतरतात. त्यांच्या नसा वरूनच येतात, म्हणून मार खाली बसला तरी कळ पोटात जाते, मळमळतं, घाम फुटतो. शुक्राणू तयार व्हायला शरीरापेक्षा २ ते ४ अंश कमी तापमान लागतं, म्हणून हा अवयव शरीराबाहेर असतो; त्याला हाडांचं कसलंच संरक्षण नाही. जोराच्या माराने वृषणाचं आवरण फाटू शकतं. अशा वेळी शस्त्रक्रिया पहिल्या ७२ तासांत झाली तर वृषण वाचण्याची शक्यता बरीच जास्त असते. क्वचित मारानंतर वृषणाला पीळ पडतो, रक्तपुरवठा तुटतो, आणि मग हातात जेमतेम ६ तास उरतात. तासाभरात दुखणं कमी झालं नाही, सूज आली, काळंनिळं पडलं, लघवीत रक्त दिसलं किंवा उलट्या सुरू झाल्या, तर लाज बाजूला ठेवून लगेच दवाखाना गाठावा.

मग बायकोला बोलावलं, एकटीला. अशा तक्रारीत दोघांना एकत्र बसवण्याआधी मी हे करतेच. तो हात उचलतो का, दार अडवतो का, पैसे किंवा फोन काढून घेतो का, हे नवऱ्यासमोर कोणी सांगत नाही. तिने सरळ सांगितलं, ‘नाही हो, तो मारत नाही. तो बोलतच नाही. मी ओरडत राहते आणि हा हेडफोन लावून बसतो. तेवढं केलं की मात्र लगेच लक्ष देतो.’

‘तेव्हा तो काय म्हणतो?’

ती थांबली. ‘काही नाही. बोलताच येत नाही त्याला.’

‘आणि भांडणाचं काय होतं?’

‘संपतं.’

थोड्या वेळाने तिनेच विचारलं, ‘पण मुलींना स्वसंरक्षणाच्या वर्गात हेच शिकवतात ना?’ शिकवतात, आणि ते बरोबरच आहे. कोणी अंगावर आला, सुटायला वाट नाही, तर मारावं आणि पळावं. तिथे उद्देश निसटण्याचा असतो. इथे ती निसटत नव्हती, त्याला जागेवर खिळवत होती. राग, अपमान, नवऱ्याचं कुजकं बोलणं, अगदी त्याने फसवलं असलं तरी, यातलं काहीही त्या माराला परवानगी देत नाही. थट्टा तर नाहीच नाही.

‘हेच उलट झालं असतं तर?’ असं मी सहसा विचारत नाही. माणूस लगेच स्वतःची वकिली सुरू करतो. डॉक्टरांनी सांगितलेलं तेवढं तिच्यापुढे ठेवलं. ती म्हणाली, ‘मला वाटायचं नडगीला लागल्यासारखं असेल. मिनिटभर दुखेल, जाईल. तो हसला होता.’

एकत्र भेटी सुरू करताना अट घातली: पुन्हा असं झालं तर या भेटी बंद, मग दोघांशी वेगवेगळं काम. हेडफोनची तक्रार खरी होती, पण मार आणि हेडफोन हे मी एका तराजूत घातले नाहीत. आधी मार थांबायचा, मग त्या गप्प बसण्याचा हिशेब. मार थांबल्यावर तोही झाला. आता भांडण असह्य झालं तर त्याने नुसतं निघून जायचं नाही, ‘अर्ध्या तासाने बोलतो’ असं सांगून जायचं आणि खरंच परत यायचं. तिला तो अर्धा तास फार जड जातो. सुरुवातीला ती दाराबाहेरच उभी राहायची. तिच्या रागावर वेगळं काम चालू आहे, आणि ते लवकर संपणारं नाही.

गेल्या भेटीत नवीनच मुद्दा निघाला. तिला त्या मित्रमंडळींना सांगायचंय, की तो किस्सा आता बंद करा. त्याला तो विषयच तिथे निघायला नकोय. यावरून दोघं माझ्यासमोर चांगली तावातावाने भांडली. त्याने आवाज चढवला, तिनेही चढवला, हात दोघांचेही मांडीवर. मी मध्ये पडले नाही.