तासगावची बाग, ४६ लाखांचं कोटेशन आणि अर्धवट बी.एस्सी.

प्रश्न असा आला आहे: तासगाव तालुक्यात तीन एकर द्राक्षबाग, बहुतेक माल बेदाण्याला. पत्नी जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका. मुलगी सांगलीत बी.एस्सी. फिजिक्सच्या दुसऱ्या वर्षाला. तिला कमर्शियल पायलट लायसन्स काढून पुढे फ्लाइंग इन्स्ट्रक्टर व्हायचं आहे. शाळेचं कोटेशन करांसह ४६ लाख. सगळी फी एकदम भरली तर दोन लाख सूट. इन्स्ट्रक्टर कोर्सचे वेगळे ७ लाख. हाताशी १८ लाखांची एफडी. सांगलीतला एनए (बिगरशेती) प्लॉट तारण ठेवून साडेदहा टक्क्यांनी २६ लाखांचं कर्ज काढायचं, बाकीसाठी बागेतले २० गुंठे विकायचे, असा विचार. एजंट म्हणतो, डिग्री सोडा, जूनलाच या. काय करावं?

जूनला पाठवू नका. मुलीची निवड चुकीची आहे असं अजिबात नाही, पण पैशाची मांडणी उलटी झाली आहे.

आधी एजंटच्या बोलण्यातला खरा भाग. लायसन्ससाठी पदवी लागत नाही. बारावीला फिजिक्स आणि गणित पुरेसं आहे. पण पायलटची नोकरी दरवर्षीच्या वैद्यकीय तपासणीवर उभी असते. पंचविसाव्या वर्षी कानाचा, डोळ्याचा किंवा साखरेचा दोष निघाला तर हातात बारावीचं मार्कलिस्ट आणि डोक्यावर कर्ज, एवढंच उरतं. पदवीला आता साधारण १६ महिने आणि किरकोळ फी लागणार आहे. चार वर्षांचा पर्याय आला असला तरी तिसऱ्या वर्षाअखेर पदवी घेऊन बाहेर पडता येतं, तेवढं करा.

हे १६ महिने वाया जात नाहीत. पहिलं काम मेडिकलचं: आधी क्लास २ (सुरुवातीची तपासणी), मग लगेच क्लास १ (कमर्शियल लायसन्सला लागणारी). कुठलीही शाळा बघायला जाण्याआधी हे उरकून घ्या, कारण रंगदृष्टीत अडचण निघाली तर पुढचा सगळा हिशेब तिथंच थांबतो, आणि तो काही हजारांत थांबलेला बरा. दुसरं, डीजीसीएचा (नागरी विमान वाहतूक महासंचालनालय) कॉम्प्युटर नंबर, म्हणजे परीक्षेचा नोंदणी क्रमांक काढून लेखी पेपर द्यायला लागायचं: नेव्हिगेशन, मेटिऑरॉलॉजी, रेग्युलेशन्स आणि टेक्निकल. पास व्हायला ७० टक्के लागतात. आरटीआर, म्हणजे विमानातला रेडिओ वापरण्याचा परवाना, वेगळा. फिजिक्सच्या मुलीला हे जड नाही, पण उड्डाणाच्या जोडीनं अभ्यास करणारी मुलं नेव्हिगेशनमध्ये अडकतात. पेपर राहिला की लायसन्स राहतं आणि झालेले तास जुने होत जातात. लायसन्सला उड्डाणाचे २०० तास लागतात आणि ते अर्जाच्या तारखेआधीच्या पाच वर्षांतले असावे लागतात. पेपर खिशात असल्याशिवाय उड्डाणाचा एक रुपयाही भरू नका.

आता मुख्य मुद्दा. पालक व्याजदरावर घासाघीस करतात, पण नुकसान होतं ते तासांच्या वेगात. बँकेची सवलत मुदत म्हणजे कोर्सचा काळ अधिक एक वर्ष. कोर्स १८ महिन्यांचा दाखवला असेल तर ३० महिन्यांनी हप्ता सुरू होणार, लायसन्स आलं असो वा नसो. १८ महिन्यांत २०० तास म्हणजे महिन्याला ११ तास. विमान दुरुस्तीत, इन्स्ट्रक्टर सोडून गेलेला, पाऊस, धुकं, अशा कारणांनी महिन्याला सहाच तास मिळाले तर ३३ महिने लागतात. म्हणजे मुलगी अजून विद्यार्थिनी आणि तुमच्या दारात हप्ता. म्हणून शाळेत गेल्यावर माहितीपत्रक बाजूला ठेवा आणि चारच गोष्टी विचारा: पटावर किती विद्यार्थी, आज उडण्याच्या अवस्थेत किती विमानं, पूर्ण वेळ इन्स्ट्रक्टर किती, आणि गेल्या वर्षी किती जणांचं लायसन्स प्रत्यक्षात निघालं. मग सध्या शिकणाऱ्या दोन मुलांची लॉगबुकं बघा. दर महिन्याच्या तासांची बेरीज करायला पाच मिनिटं लागतात. डीजीसीए २०२५ पासून वर्षातून दोनदा शाळांची क्रमवारी लावते, तीही बघा. बारामती, धुळे, गोंदिया इथं शाळा आहेत. बारामती जवळ आहे एवढ्यावर निर्णय नको. आणि सुरुवात ऑक्टोबरमध्ये करा, म्हणजे पावसाळ्याआधी सलग आठ महिने मिळतात. फळछाटणी आणि उड्डाण एकाच महिन्यात सुरू, असं समजा.

दोन लाखांची सूट सोडून द्या. २६ लाख पहिल्याच दिवशी उचलले तर ३० महिन्यांचं सरळव्याज ६ लाख ८२ हजार होतं. ते मुद्दलात मिळवून दहा वर्षांची फेड धरली तर हप्ता ४४,३०० रुपये. शिवाय शाळेला विमानांची अडचण आली तर एकदम भरलेले पैसे परत मिळवणं फार कठीण. करारात हप्ते तासांना बांधून घ्या: २५ तास झाले की पुढचा हप्ता, आणि न उडलेल्या तासांचे पैसे किती दिवसांत परत मिळणार ते लेखी.

कोटेशनमधला ‘करांसह’ हा शब्दही तपासा. डीजीसीए मान्यताप्राप्त शाळांच्या मान्यताप्राप्त उड्डाण प्रशिक्षणावर जीएसटी नाही, हे सप्टेंबर २०२४ मधल्या जीएसटी परिषदेच्या ५४व्या बैठकीनंतर स्पष्ट झालं आहे. ४६ लाखांत १८ टक्के धरले असतील तर ती रक्कम ७ लाख होते, म्हणजे नेमकी इन्स्ट्रक्टर कोर्सची फी! सगळी कमी होईलच असं नाही, कारण करमाफी असली की शाळेला खरेदीवरच्या कराचं क्रेडिट मिळत नाही. तरी विचारायला काहीच जात नाही.

खरा खर्च असा धरा. फी ४६ लाख. राहणं-जेवण महिन्याला १४ हजारांनी १८ महिने, २ लाख ५२ हजार. जादा तास १५: कोटेशनमधल्या तासाला १७ हजारांच्या दरानं २ लाख ५५ हजार. २०० तासांत तंतोतंत सगळं बसवणारी मुलं थोडी असतात. चेक (मधलं चाचणी उड्डाण) फेल होतो, खंड पडला की उजळणी करावी लागते. परीक्षा, मेडिकल, हेडसेट, लायसन्स शुल्क मिळून दीड लाख. एकूण साडेबावन्न लाखांच्या आसपास.

आता थांबण्याचा फायदा बघा. आजपासून पुढच्या वर्षीच्या ऑक्टोबरपर्यंत २१ महिने. बाईंच्या पगारातून महिन्याला २५ हजार बाजूला पडतात असं तुम्ही लिहिलं आहे, त्याचे सव्वापाच लाख. बेदाण्याचे तीन हंगाम मिळतील, दोन आधीचे आणि एक कोर्स चालू असतानाचा. तुम्ही वर्षाला चार लाख शिल्लक सांगता. अवकाळी आणि डाउनी रोगाचा विचार करून मी तीनच धरतो, म्हणजे ९ लाख. एफडीतले ४ लाख घराच्या अडीअडचणीला ठेवून १४. झाले सव्वाअठ्ठावीस. कर्ज उरलं २४ लाखांचं, आणि बागेचा एक गुंठाही गेला नाही. स्वतःचे पैसे आधी, बँकेचे नंतर, असा क्रम बँकेकडून मंजुरीपत्रातच घालून घ्या. मग सवलतीच्या काळातलं व्याज साडेतीन लाखांपर्यंत खाली येतं. पूर्ण रक्कम उचलल्यावर महिन्याचं व्याज २१ हजार. ते त्याच २५ हजारांतून भरत गेलात तर मुद्दल वाढत नाही आणि हप्ता ३२,४०० राहतो. म्हणजे महिन्याला १२ हजारांचा फरक.

तारणासाठी प्लॉटच द्या. साडेसात लाखांवरच्या शैक्षणिक कर्जाला बँका तारण मागतात आणि शेतजमिनीला नाक मुरडतात, कारण कोर्टात न जाता तारण विकून वसुली करू देणाऱ्या सरफेसी कायद्यातून कलम ३१ नं शेतजमीन वगळलेली आहे. थकलं तर बँकेला त्या मार्गानं वसुली करता येत नाही. ग्रामीण शेतजमीन विकली तर भांडवली नफ्यावर कर नाही, म्हणून २० गुंठे सोपे वाटतात हे खरं. पण बाग दरवर्षी पैसे देते, प्लॉट देत नाही. उद्या काही विकायची वेळ आलीच तर प्लॉट विका.

शैक्षणिक कर्जाच्या व्याजाची प्राप्तिकरातली वजावट फक्त जुन्या करप्रणालीत मिळते. बाईंना नव्या प्रणालीत कर लागतच नसेल तर या वजावटीच्या आशेनं काही बदलू नका.

इन्स्ट्रक्टर कोर्सचे ७ लाख आज हिशेबात घेऊच नका. लायसन्सनंतर आधी असिस्टंट इन्स्ट्रक्टरचं रेटिंग मिळतं आणि वरिष्ठांच्या देखरेखीखाली शिकवावं लागतं. देशात मान्यताप्राप्त शाळाच चाळीसच्या आसपास, त्यामुळे जागा मोजक्या. एजंटनं सांगितलेला दीड लाख पगार विसरा. हिशेबाला ५५ हजार धरा आणि त्यात ३२,४०० चा हप्ता बसवून बघा. ओढाताण होईल, पण घरून थोडा हात लागला तर जमेल. ४४,३०० मात्र जमत नाही. कोर्स त्याच शाळेत करा जी नेमणुकीचं पत्र आणि बाँडच्या अटी आधी देईल. शिकवताना तास साठतात, एटीपीएलच्या (एअरलाइन कॅप्टनला लागणारं लायसन्स) १,५०० तासांकडे जायला हा बरा रस्ता आहे. त्या मानानं एअरलाइनच्या ऑफरशिवाय टाइप रेटिंगवर (एका ठरावीक जातीचं विमान चालवण्याची मान्यता) पैसे घालणं म्हणजे गिऱ्हाईक नसताना बेदाणा शीतगृहात ठेवून भाडं भरत बसणं.

कर्ज मंजूर झाल्यावर मुलीच्या नावानं २५ लाखांचा टर्म विमा घ्या आणि अर्जात उड्डाण प्रशिक्षण स्पष्ट लिहा. साध्या अपघात विम्यात तिकीट काढून केलेल्या प्रवासाशिवाय इतर उड्डाण बहुधा वगळलेलं असतं, त्यावर विसंबू नका.

या आठवड्यात करायचं ते एवढंच: क्लास २ मेडिकलची वेळ घ्या आणि एजंटला बुकिंगची रक्कम देऊ नका.