वडोदऱ्यात इंजिनिअरिंगच्या मुलांना सॉफ्टवेअरमधले अँटीपॅटर्न ऑनलाइन, गटात कसे शिकवावेत?

अँटीपॅटर्न म्हणजे वरवर सोयीचा वाटणारा, पण पुढे त्रास देणारा कोड लिहिण्याचा नमुना. त्याच्या व्याख्या पाठ करून घेऊ नका. चालणारा पण गचाळ कोड गिटहबवर (कोड ठेवून सगळ्यांनी मिळून बदलण्याच्या साइटवर) टाका आणि तिघाचौघांच्या गटाला तो सुधारू द्या. इथल्या संध्याकाळच्या बॅचला मी असंच शिकवते. बिल, स्टॉक, ईमेल सगळं एकाच अवाढव्य क्लासमध्ये कोंबलेलं असलं आणि दोघांनी त्याच ओळी बदलल्या, की मर्ज कॉन्फ्लिक्ट येतो, म्हणजे दोघांचे बदल आपोआप एकत्र होत नाहीत. असा सगळं एकट्याने करणारा 'गॉड क्लास' का नको ते तिथेच कळतं. एकट्याने लिहिताना हा त्रास जाणवतच नाही. पुल रिक्वेस्टवर (आपला बदल मुख्य कोडमध्ये घ्या, या विनंतीवर) नुसती नावं ठेवू देऊ नका, प्रत्येक शेऱ्यासोबत रिफॅक्टरिंग (काम तेच ठेवून कोडची मांडणी सुधारणं) सुचवायला लावा. चर्चा मराठी-गुजराती मिसळून झाली तरी खुशाल होऊ द्या. पहिल्या वर्षाला मात्र हे नको: क्लास-ऑब्जेक्ट पक्के नसतील, तर चुकीचा नमुनाच डोक्यात बसतो.