एआरटी (एचआयव्हीची औषधं) चालू केल्यावर टीबीच्या गाठी वाढल्या, औषध चुकीचं आहे का?

तुम्ही लिहिलंय की मामेभावाला एचआयव्ही आणि टीबी दोन्ही आहे, सीडी४ (एचआयव्ही ज्यांना मारतो त्या रोगप्रतिकारक पेशींचा आकडा) ६२, एक्सरे जवळपास साफ तरी टीबी निघाला, टीबीच्या गोळ्यांनी ताप उतरला होता आणि एआरटी चालू करून तीन आठवडे होत नाहीत तोच मानेच्या गाठी दुप्पट आणि ताप परत, तर एआरटी बंद करू का? बंद करू नका, पण उद्याच त्याला सेंटरला घेऊन जा. मी डॉक्टर नाही, एआरटी सेंटरच्या लॅबमध्ये सीडी४ काउंट लावायचो, जांभळ्या बुचाच्या ट्यूबा दिवसभर, त्यामुळे पेशींचं तेवढं सांगू शकतो.

टीबीचा जंतू मॅक्रोफेज नावाच्या पेशीत राहतो. ही पेशी जंतू गिळते पण तो नीट मारायचा हुकूम सीडी४ पेशीकडून यावा लागतो. गवंडी आणि मुकादम समजा. मुकादम हजर असला की गवंडी जंतूभोवती भिंत बांधून त्याला कोंडतात. एचआयव्ही नेमका मुकादमालाच मारतो, त्यातही टीबी ओळखणारे सीडी४ लवकर जातात. सीडी८ नावाच्या दुसऱ्या रोगप्रतिकारक पेशी असतात, उलट खवळलेल्या असतात, पण मुकादमाचं काम त्यांना जमत नाही. आणि टीबीमुळे शरीर पेटलं की एचआयव्ही अजून जोरात वाढतो, म्हणजे दोघं एकमेकांना हात देतात.

आता एक्सरे. त्यावर जे डाग आणि पोकळ्या दिसतात ते बरंचसं आपल्याच पेशींच्या मारामारीचं असतं. ६२ सीडी४ मध्ये मारामारी करणार कोण, म्हणून फोटो साफ, थुंकीत साध्या तपासणीत जंतू सापडत नाहीत आणि मॉन्टू टेस्ट (टीबीसाठी कातडीत सुई देऊन करतात ती) पण निगेटिव्ह येऊ शकते.

एआरटीने व्हायरस दबला, मुकादम कामावर परत आले आणि बघतात तर अंगभर जंतू, मेलेले पण आणि जिवंत पण, मग जी धुमश्चक्री होते तीच ही सूज आणि ताप. याला आयरिस म्हणतात, आणि हे काही जगावेगळं नाही हो, केप टाऊनच्या एका ट्रायलमध्ये (२०१८ ला छापून आली) सीडी४ १०० किंवा खाली असलेल्या टीबी पेशंटमध्ये एआरटीनंतर १०० पैकी साधारण ४७ जणांना हे झालं होतं, चार आठवडे प्रेडनिसोन हे स्टेरॉइड आधीच दिलेल्यांत ३३. पण म्हणून मेडिकलमधून स्वतः स्टेरॉइड आणू नका प्लीज! औषधाला दाद न देणारा टीबी, चुकलेले डोस, दुसरं इन्फेक्शन हे सगळं डॉक्टरांना आधी बघावं लागतं, नाहीतर स्टेरॉइडने नुकसानच.

डोकं फार दुखणं, उलट्या, असंबद्ध बोलणं किंवा धाप लागली तर उद्याची पण वाट बघू नका, रात्री असेल तरी हॉस्पिटल. जाताना दोन्ही गोळ्यांची पाकिटं सोबत न्या, डोलुटेग्रेविर (एआरटीतलं एक औषध) चालू असेल तर टीबीच्या रिफाम्पिसिनमुळे ती १२ तासांनी परत घ्यावी लागते आणि संध्याकाळची तीच गोळी बरेच जण विसरतात.