टेक म्हणजे नेमकं काय घ्यायचं?

या खेपेला आलेल्या पत्रांत एकाच इंग्रजी क्रियापदाची चौकशी पुन्हा पुन्हा दिसली: 'टेक'. कुणाला त्याचं मूळ हवंय, तर तुर्की शिकणाऱ्यांना त्याचा तुर्की पर्याय. उत्तरांत तुर्की शब्द उच्चाराप्रमाणे लिहिले आहेत. त आणि द आपलेच, दंत्य. ट-ड अजिबात नाही. च 'चार'मधला, 'चमचा'मधला नव्हे. झ 'झाड'मधला. तुर्कीत आय दोन असतात, टिंबाचा आणि बिनटिंबाचा. टिंबाचा म्हणजे आपला इ. बिनटिंबाचा जिथे येतो तिथे इथे 'अ' लिहिला आहे, तो जीभ जरा वर उचलून म्हणावा.

प्रश्न : 'टेक' हा शब्द मुळात इंग्रजी नाही, असं वाचलं. एवढं रोजचं क्रियापद उसनं कसं असेल? आणि त्याआधी इंग्रज लोक 'घेणे'ला काय म्हणत होते?

वाचलं ते बरोबर आहे. जुन्या इंग्रजीत 'घेणे'साठी 'निमन' होतं. जर्मनमध्ये 'नेमन' आणि डचमध्ये 'नेमेन' या रूपांत तेच क्रियापद आजही रोज वापरात आहे. इंग्रजीत मात्र ते मागे पडलं, कारण शेजार बदलला. 793 साली लिंडिसफार्नच्या मठावर झालेल्या हल्ल्यापासून स्कँडिनेव्हियातल्या लोकांची इंग्लंडमध्ये ये-जा वाढली आणि नवव्या शतकात ते उत्तर व पूर्व भागात जमिनी कसत स्थायिक झाले. त्यांच्या नॉर्स भाषेत 'घेणे' म्हणजे 'ताका'. दोन्ही भाषा एकाच जर्मानिक कुळातल्या, बाजारात एकमेकांचं बोलणं थोडंफार कळावं इतक्या जवळच्या. अशा शेजारात नुसते वस्तूंचे शब्द जात नाहीत, घरातलेही जातात: 'दे', 'देम', 'देअर' ही सर्वनामं, 'गेट' आणि 'डाय' ही क्रियापदं त्याच वाटेनं आली. लिखित इंग्रजीत 'टेक' अकराव्या शतकाच्या अखेरीस दिसू लागतो आणि पुढच्या तीन-चारशे वर्षांत 'निमन'ची जागा घेतो.

गंमत त्याच्या भूतकाळात आहे. बाहेरून आलेल्या क्रियापदाला इंग्रजी सहसा मुकाट्यानं '-एड' चिकटवते. 'टेक' मात्र नॉर्समधली 'ताका, तोक, तेकिन्न' ही रूपं घेऊनच आला आणि 'टेक, टुक, टेकन' झाला. हे खपलं, कारण 'शेक, शूक, शेकन' हा साचा इंग्रजीत आधीपासून होता.

'निमन'चे अवशेष शोधायचे तर दोन शब्द पाहा. 'नम', म्हणजे बधिर, हे त्याचंच भूतकाळवाचक धातुसाधित: संवेदना जणू कुणी 'घेतलेली'. त्याच्या स्पेलिंगमधला बी नंतर घुसला, म्हणून तो उच्चारात नाही. दुसरा 'निंबल': आधी 'पटकन घेणारा', मग 'चपळ'. 'टेक'ची जुनी हाडं पाहायची असतील तर यॉर्कशर आणि लिंकनशरच्या जुन्या महसुली विभागांचं नाव घ्या: 'वेपनटेक', मूळ नॉर्स 'वाप्नाताक', शस्त्र हाती घेणं. 'मिस्टेक'सुद्धा नॉर्सच, 'मिस्ताका': चुकून घेणे.

आपलं 'घेणे' मात्र घरचं आहे. संस्कृत ग्रह् धातूचं 'गृह्णाति', त्याचं प्राकृतात 'गेण्हइ'. महाराष्ट्री प्राकृतातलं 'घेत्तूण' आणि आजचं 'घेऊन' शेजारी ठेवलं तर आणखी काही सांगायची गरज उरत नाही. 'ग्राहक' त्याच धातूचा, म्हणजे शब्दशः घेणारा. हा ग्राहक लक्षात ठेवा, पुढच्या उत्तरात लागेल.

प्रश्न : कोशात 'टेक' म्हणजे 'आल्माक' असं दिलंय. त्यावरून 'मी बसनं आलो' या अर्थी 'ओतोब्युस आल्दम' असं लिहिलं, तर ते चूक ठरलं. का?

कारण तुम्ही बस विकत घेतलीत असा त्याचा अर्थ होतो. चूक तुर्कीची नाही, इंग्रजीमार्गे जाण्याची आहे. मराठीतही 'मी बस घेतली' म्हटलं तर ऐकणारा विचारेल, कितीला पडली?

'आल्माक' आणि 'घेणे' यांची बेरीज-वजाबाकी आश्चर्य वाटावं इतकी जुळते. दोन्हींत 'घेणे' म्हणजे हातात घेणे आणि विकत घेणेही (मघाचा ग्राहक आठवा). खरेदी असं ठासून सांगायचं असेल तेव्हा 'सातन आल्माक' म्हणतात, पण बाजारात नुसतं 'आल्माक' पुरतं. खरेदीला शब्दच आहे 'आलश्वेरिश': 'आलश' म्हणजे घेणं, 'वेरिश' म्हणजे देणं. आपली देवाणघेवाण, फक्त क्रम उलटा.

विभक्तीही जुळतात. 'आन्नेमे हेदिये आल्दम' म्हणजे 'आईला भेटवस्तू घेतली'. शेवटचा 'ए' आपल्या 'ला'चं काम करतो. 'बुनु काचा आल्दन?' म्हणजे 'हे कितीला घेतलंस?' इथे 'काच' म्हणजे किती आणि पुढचा 'आ' म्हणजे पुन्हा 'ला'. ज्याच्याकडून घ्यायचं त्याला 'दान' किंवा 'देन' लागतो, आपल्या 'कडून'सारखा. पाहुण्याला चहा विचारताना 'चाय आलर मसनझ?' आणि हॉटेलात वेटर विचारतो 'ने आलरसनझ?' मराठीत शब्दाला शब्द ठेवा: 'चहा घेणार का?', 'काय घेणार?' इंग्रजीतून आलेला विद्यार्थी इथे अडखळतो, मराठी माणूस सरळ निघून जातो.

श्वास (नेफेस), परवानगी (इझिन), कर्ज (बोर्च), सूड (इन्तिकाम), डॉक्टरची वेळ (रांदेवु): या सगळ्यांपुढे तुर्कीत 'आल्माक' आणि मराठीत 'घेणे'. लग्नाच्या बोलण्यांतही मुलगी 'घेणे' आणि 'देणे' दोन्हीकडे आहे. म्हणून तुर्की वाक्य करताना 'टेक' विसरा, आधी मराठी वाक्य म्हणा. मराठीत 'घेणे' आलं, तर दहापैकी सात-आठ वेळा 'आल्माक' चालून जाईल. हा अनुभवाचा अंदाज आहे, नियम नव्हे.

आता बस. बसमध्ये, गाडीत, घोड्यावर, विमानात 'चढायला' 'बिन्मेक', आणि वाहनाला 'ए/आ' जोडायचा: 'ओतोब्युसे बिन्दिम'. तो 'ए' गाळण्याची चूक फार होते. टॅक्सी भाड्यानं करायची असेल तर 'ताक्सी तुत्माक'. 'तुत्माक' म्हणजे धरणे, आपण टॅक्सी पकडतो तसंच.

एक रूपाची चूकही सांगून ठेवतो. सवयीच्या काळात एकाक्षरी धातूंना सहसा 'आर/एर' लागतो: 'बिनेर', 'इचेर', 'चेकेर'. त्याच धर्तीवर शिकणारे 'आलार' म्हणतात, ते चूक, 'आलर' हवं. असे अपवाद धातू फक्त 13 आहेत आणि 'आल्माक' (घेणे), 'वेर्मेक' (देणे), 'गेल्मेक' (येणे), 'ओल्माक' (होणे), 'बिल्मेक' (जाणणे) हे सगळे त्यातच, म्हणजे नेमके सर्वांत जास्त लागणारे. तेराही पाठ करा.

प्रश्न : फोटो घेण्याला 'चेक्मेक' का म्हणतात? त्याचा अर्थ तर ओढणे असा दिला आहे.

ओढणे हाच मूळ अर्थ. फोटोच्या बाबतीत हिंदीही 'खींचना' म्हणते आणि मराठी 'काढणे'. फोटो हा आतून बाहेर काढायचा पदार्थ, ही कल्पना तिघांची. घ्यायचा पदार्थ ही इंग्रजीची. ('फोटो घेतला' आता मराठीतही ऐकू येतं, पण 'काढला'ला अजून धक्का लागलेला नाही.)

'चेक्मेक'साठी मराठीत 'काढणे' घालून पाहा, पुष्कळ दारं उघडतात: बँकेतून पैसे काढणे 'पारा चेक्मेक', दात काढणे 'दिश चेक्मेक'. टेबलाच्या खणाला 'चेक्मेजे' म्हणतात, ओढायचा तो. 'आज चेक्मेक' म्हणजे वेदना सोसणे. इथे मात्र 'काढणे' जरा ताणूनच बसवावं लागतं, 'दिवस काढले'सारखं. आणि मूल बापावर गेलं असेल तर 'बाबासना चेक्मिश', बापाकडे ओढलंय. इंग्रजीत इथेही 'टेक' येतो, 'आफ्टर' जोडून.

कुणाचा फोटो काढण्याआधी विचारायचं वाक्य: 'फोतोराफनझ' असं अडखळू नका, तुकडे पाडून म्हणा, 'फोतोराफ-अनझ-अ चेके-बिलिर मियिम?' तुमचा फोटो काढू शकतो का? भूतकाळात 'चेक्दिम' नव्हे, 'चेक्तिम': कठोर व्यंजनानंतर 'द'चा 'त' होतो.

प्रश्न : इंग्रजीत विद्यार्थी परीक्षा 'टेक' करतो, मराठीत देतो. तुर्कीत?

तुर्कीत तो परीक्षेत शिरतो: 'सनावा गिर्मेक'. आपलं 'परीक्षेला बसणे' त्याच्या जवळचं, तिथेही 'आ' म्हणजे 'ला' आहेच. परीक्षा घेणाऱ्या शिक्षकासाठी 'सनाव याप्माक', परीक्षा करणे. मराठी मुलांच्या इंग्रजीत 'आय गेव्ह द एक्झाम' येतं ते 'परीक्षा दिली'चं भाषांतर, हे सांगायला नकोच; पण तीच मुलं तुर्कीत 'सनाव वेर्मेक' लिहितात आणि शिक्षक गोंधळतो.

नोकरीच्या मुलाखतीला तुर्कीत शब्द आहे 'म्युलाकात', आपल्या 'मुलाखत'चाच अरबी सख्खा भाऊ. तिथेही उमेदवार 'म्युलाकाता गिरेर', आत शिरतो. वर्तमानपत्रातल्या मुलाखतीला मात्र फ्रेंचवरून घेतलेला 'रोपोर्ताझ' म्हणतात.

निर्णयाची गोष्ट निराळी. तुर्कीत निर्णय म्हणजे 'कारार', आपल्याकडे फारसीतून आलेला 'करार'च, तिथे अर्थ ठराव-निर्णयाकडे गेला. आणि माणूस स्वतःपुरता निर्णय 'देतो': 'कारार वेर्दिम' म्हणजे 'मी ठरवलं'. समिती, मंत्रिमंडळ वगैरे ठराव करतात तेव्हा 'कारार आल्माक' शोभतं. इथे मराठीवर विसंबलात तर 'मी निर्णय घेतला'चं 'कारार आल्दम' होईल. कळेल, पण सरकारी वास येईल.

प्रश्न : औषध?

'इलाच आल्माक' चालतं, पण त्याचा 'औषध विकत घेणे' असाही अर्थ होतो. पोटात घेण्यासाठी 'इच्मेक', पिणे, हे स्पष्ट. गोळीसुद्धा तुर्कीत पितात, 'हाप इच्मेक'. सूप पितात, सिगारेटही पितात.

प्रश्न : वेळ लागणे, विमान उडणे, बूट काढणे, कुणाला कुठे नेणे: या प्रत्येक ठिकाणी इंग्रजीत 'टेक' आहे. तुर्कीत एकही सारखं नाही का?

नाही, आणि मराठीतही नाही. तुमच्या प्रश्नातच चार वेगळी क्रियापदं आहेत. वेळेसाठी 'स्युर्मेक', चालू राहणे: 'इकी साआत स्युरेर', दोन तास लागतात. विमान, बस, आगगाडी सुटते ते 'काल्कमाक', उठणे. बूट आणि कपडे 'चकार्माक', बाहेर काढणे. घरात आणि मशिदीत शिरताना हे कानावर पडेलच. नेणे 'ग्योत्युर्मेक', आणणे 'गेतिर्मेक'. शाळेतून मुलाला घ्यायला जाणं मात्र पुन्हा 'आल्माक'. 'टेक प्लेस'चं शब्दशः भाषांतर 'येर आल्माक' असं होतं आणि ते फसवं आहे: त्याचा अर्थ 'घडणे' नव्हे, 'समाविष्ट असणे'. यादीत नाव असणं, चमूत स्थान असणं यासाठी ते वापरा.

प्रश्न : इंग्रजी 'टेक', मराठी 'टेकणे' आणि 'टाकणे', तुर्की 'ताक्माक' हे एकाच मुळाचे असतील का?

नाही. तुर्की 'ताक्माक' म्हणजे अडकवणे, चढवणे: चष्मा, टाय, दागिने यांच्यासाठी. तुर्की वेगळ्याच भाषाकुळातली आहे. मंगोलियात ओर्खोन नदीकाठी आठव्या शतकातले तुर्की शिलालेख आहेत, त्यांत 'मी घेतलं' या अर्थी 'आल्तम' कोरलेलं आहे. आजचं 'आल्दम' त्यापासून एका व्यंजनाच्या अंतरावर. म्हणजे 'घेणे'साठी त्यांचा शब्द पहिल्यापासून निराळा.

इंग्रजी आणि मराठी एका कुळातल्या खऱ्या, पण त्यांचं नातं उच्चाराच्या सारखेपणावर ठरत नाही. जर्मानिक शाखेत मूळ 'द'चा 'ट' झाला: संस्कृत 'दश' आणि इंग्रजी 'टेन', 'दन्त' आणि 'टूथ', 'द्वि' आणि 'टू'. त्यामुळे 'टेक'चा मराठी भाऊबंद असलाच तर तो 'द'नं सुरू व्हायला हवा. 'टेकणे'चं साम्य जितकं जास्त, तितका संशय जास्त.

प्रश्न : तुर्कस्तानातल्या खाणावळींवर 'गेल आल' अशी पाटी दिसते. हे काय?

वाचून 'गेला आला' वाटणं साहजिक आहे. 'गेल' म्हणजे ये, 'आल' म्हणजे घे: मागणी नोंदवायची आणि स्वतः येऊन न्यायचं. घरपोच हवं असेल तर 'पाकेत सेर्विस'. दुकानात उभं राहून बांधून हवं असेल तर पदार्थाचं नाव घेऊन 'पाकेत ओल्सुन' म्हणा, पार्सल असू दे.