थर्मोस्टॅट नवा टाकला आणि हीटर गार पडला

प्रश्न : नमस्कार साहेब. मी निफाड तालुक्यातला, स्वतःची दहा टायरी गाडी आहे. इकडून कांदा नाहीतर द्राक्षं घेऊन उत्तरेला जातो, येताना काश्मीरचं सफरचंद भरतो वाशी मार्केटसाठी. इंजिनच्या तापमानाचा काटा वर येतच नव्हता म्हणून निघायच्या आधी थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारा व्हॉल्व्ह, बदलून घेतला. काटा आता बरोबर मधे थांबतो पण हीटर चालेना. बनिहालच्या पुढे रात्री ब्लोअर लावला की गारच हवा, घाटात रेस दिली की जरा कोमट येते, गाडी स्लोवर आली की परत गार. डॅशबोर्डमधून गुळगुळ आवाज पण येतो. एक मिस्त्री म्हणतो हीटर कोर (हीटरची गरम पाण्याची जाळी) बदला, दुसरा म्हणतो थर्मोस्टॅटच काढून टाका. काय करू?

उत्तर : भाऊ, अजून एक रुपयाचंही सामान घेऊ नका. तुम्ही जे लिहिलंय ना, रेस दिल्यावर कोमट आणि स्लोवर गार, वर तो गुळगुळ आवाज, त्यावरून जवळजवळ नक्की वाटतंय की हीटरच्या लाईनला हवा धरलीय. थर्मोस्टॅटचा दोष असता तर काटा मधे थांबला नसता. तो उलटा बसला असता, म्हणजे स्प्रिंगची बाजू इंजिनकडे न जाता रेडिएटरकडे गेली असती, तर पहिल्याच घाटात इंजिन उकळलं असतं. तो उघडाच अडकला असता तर काटा आधीसारखा खाली राहिला असता.

होतं काय की थर्मोस्टॅट काढताना हाऊसिंगमधलं पाणी सांडतं, मग नवा बसवून मिस्त्री वरून कूलंट ओततो, टाकी भरलेली दिसली की झाकण लावून मोकळा होतो, पण थर्मोस्टॅट साधारण 82-83 डिग्रीला उघडतो आणि तोपर्यंत बंद असतो, त्यामुळे आत अडकलेल्या हवेला बाहेर पडायला वाटच नसते आणि ती जाऊन बसते सगळ्यात उंच जागी. तुमच्या गाडीत ती उंच जागा म्हणजे केबिनमधला हीटर कोर. स्लोवर वॉटर बॉडीचा, म्हणजे पाण्याच्या पंपाचा, जोर कमी, हवा हटत नाही. रेस दिली की पाणी थोडं ढकललं जातं आणि कोमट वारा येतो.

हवा काढायची ती थंड इंजिनवर, हे पक्कं लक्षात ठेवा, गरम इंजिनचं झाकण उघडलं की वाफ थेट तोंडावर येते. केबिन खाली लॉक करा आणि गाडी अशी उभी करा की कूलंट भरायचं तोंड सगळ्यात उंच राहील, टाकी पुढे असेल तर गाडीचं तोंड चढाकडे, टाकी केबिनच्या मागे असेल तर सपाटीवरच. हीटरची कळ पूर्ण गरमवर ठेवा, ही कळ बंद राहिली तर बऱ्याच गाड्यांत कोरचा व्हॉल्व्हच बंद राहतो आणि सगळी मेहनत वाया. झाकण उघडं ठेवून स्टार्ट करा, हळूहळू कूलंट भरत राहा, थोडी रेस धरून ठेवा. बुडबुडे येतील, लेव्हल खाली जाईल, परत भरा. हाऊसिंगवर किंवा हीटरच्या पाईपवर एअर काढायचा स्क्रू असेल तर तो सैल करून सलग धार लागेपर्यंत थांबा. रेडिएटरचा वरचा होज गरम झाला म्हणजे थर्मोस्टॅट उघडला, मग बुडबुडे थांबले की झाकण लावा. दुसऱ्या दिवशी सकाळी थंड असताना लेव्हल परत बघा, बहुतेक वेळा खाली गेलेली सापडते. एक सोपा हिशोब पण ठेवा, काम करताना किती लिटर बाहेर आलं आणि किती आत गेलं. कमी गेलं असेल आणि कुठे गळती नसेल तर उरलेली जागा हवेनेच भरलेली आहे.

एवढं करूनही गारच राहिला तर हीटरच्या दोन्ही पाईपांना हात लावून बघा, इंजिन बंद करून, हातमोजा घालून. दोन्ही गरम पण वारा गार, तर कोर ठीक आहे, डॅशबोर्डमधली हवा वळवणारी फ्लॅप किंवा तिची केबल अडकलीय. दोन्ही गार, तर पाणी तिथपर्यंत पोचतच नाही, व्हॉल्व्ह बंद आहे किंवा केबिन टिल्ट करताना पाईप मुडपलाय, किंवा उन्हाळ्यात कुणीतरी हीटरची लाईन बायपास करून ठेवलीय, हे आपल्याकडे सर्रास होतं. एक गरम आणि एक गार, तर कोर चोंदलाय. तेव्हा मात्र आठवा की गळती थांबवायला कधी रेडिएटरमध्ये हळद टाकली होती का. हळद छोटी गळती दाबते हे खरं, पण तीच हळद कोरच्या बारीक नळ्यांत बसते आणि साध्या पाण्याचा गंज तिच्यावर चढतो. उलट्या दिशेने कमी प्रेशरने पाणी सोडून कोर धुवून बघा, बरेचदा सुटतो. आणि बुडबुडे थांबतच नसतील, रोज कूलंट कमी होत असेल, तर हेड गॅस्केट (इंजिनचं हेड आणि ब्लॉक यांच्यामधलं पॅकिंग) तपासल्याशिवाय पुढची ट्रिप भरू नका.

थर्मोस्टॅट काढून टाका म्हणणाऱ्याचं बिलकुल ऐकू नका. इंजिन थंड चाललं की डिझेल जास्त खातं, ऑईल खराब होतं आणि हीटर तर कधीच तापणार नाही. आणि बर्फात साधं पाणी घालून जाऊ नका. पाणी गोठताना फुगतं आणि ब्लॉकला तडा देतं. इथिलिन ग्लायकॉलचं कूलंट निम्मं आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं घातलं की उणे 35 डिग्रीच्या आसपास चालतं, काश्मीर खोऱ्यातल्या चिल्ले कलानला, म्हणजे 21 डिसेंबरपासूनच्या 40 दिवसांच्या कडक थंडीला, ते भरपूर झालं.

प्रश्न : जम्मू-श्रीनगर हायवे बंद पडला की काझीगुंडला गाड्या अडकतात. हीटर नसेल तर रात्री केबिनमध्ये कांगडी (काश्मिरी निखाऱ्यांची शेगडी) किंवा छोटा गॅस पेटवून झोपलं तर चालेल का? (एक क्लीनर, जत)

उत्तर : नाही रे बाळा, अजिबात नाही. काचा बंद केबिनमध्ये कोळसा किंवा गॅस जळला की कार्बन मोनॉक्साईड तयार होतो, त्याला वास नाही, रंग नाही, आणि झोपेतल्या माणसाला जाग येत नाही. काच थोडी उघडी ठेवली तरी भरवसा नाही. इंजिन चालू ठेवून झोपणं पण तसंच, सायलेन्सरपुढे बर्फ साचला की धूर केबिनखाली जमतो. जाड रजई, लोकरीची टोपी, कोरडे मोजे जवळ ठेव, आणि जेवण बनवायचं असेल तर खाली उतरून, उघड्यावर. डोकं दुखायला लागलं, मळमळलं, तर आधी दार उघडून बाहेर ये आणि उस्तादांनाही, म्हणजे तुझ्या ड्रायव्हरलाही, ओढून बाहेर काढ.