कर्क म्हणजे रास नव्हे

प्रश्न असा होता की चेन्नईत एग्मोर स्टेशनजवळ एका जुन्या चर्चचं नाव 'सेंट अँड्र्यूज कर्क' आहे, तर हा कर्क कोण, की लिहिताना चुकलंय?

चुकलेलं नाही. स्कॉटलंडमधे चर्चला कर्कच म्हणतात. दोन्ही शब्द सख्खे भाऊ, मूळ ग्रीक 'किरियाकॉन', म्हणजे प्रभूचं. इंग्रजीत 'क' मऊ होत 'च' झाला आणि उत्तरेकडे नॉर्स, म्हणजे स्कँडिनेव्हियातून आलेल्या लोकांच्या संगतीत तो कडकच राहिला. डंकर्कमधला कर्कही हाच, वाळूच्या टेकड्यांतलं चर्च. (इंग्रजांनी आपल्या खडकीचं किर्की केलं त्याचा मात्र याच्याशी काही संबंध नाही, कुणीतरी जोडणारच म्हणून आधीच सांगून ठेवतो.) गोव्याकडचा 'इगर्ज' तर वेगळ्याच घरचा, ग्रीक 'एक्लेसिया' म्हणजे सभा, तो पोर्तुगीजांबरोबर आला.

आता कर्क म्हणायचा हट्ट का, तर मद्रासमधले स्कॉट लोक प्रेस्बिटेरियन, म्हणजे स्कॉटलंडच्या मुख्य ख्रिस्ती पंथाचे होते. ग्रीक 'प्रेस्बिटेरॉस' म्हणजे वयाने मोठा माणूस, मराठी बायबलात त्याला सरळ 'वडील' म्हटलंय. यांच्यात बिशप नसतो, पाळक (पास्टर) आणि वडील मिळून कारभार बघतात. मुंबईत काळा घोड्याजवळचं सेंट अँड्र्यूज, १८१९ चं, तेही स्कॉट लोकांचंच.

चेन्नईची इमारत मात्र बघण्यासारखी आहे हं. मद्रास इंजिनिअर्स या लष्करी तुकडीच्या थॉमस द हॅविलँडने बांधली, १८१८ ला पाया, १८२१ ला उघडली. जमीन दलदलीची, मग आपल्याकडच्या जुन्या पद्धतीने विहिरी खोदून त्यांच्यावर पाया उभा केला. समोरून बघाल तर खांबांचा पोर्च, वर उंच मनोरा, थेट लंडनच्या सेंट मार्टिन-इन-द-फील्ड्स चर्चची आठवण येते, पण आत गेलात की सगळं गोल! १६ कोरिंथियन (वर पानांची नक्षी असलेले ग्रीक पद्धतीचे) खांब आणि त्यांच्यावर निळा घुमट. गंमत म्हणजे सेंट मार्टिनचा आर्किटेक्ट जेम्स गिब्ज, त्याने तिथे आधी गोल आराखडाच दिला होता, तो खर्चापायी नाकारला गेला. आणि हा गिब्ज ॲबर्डीनचा, म्हणजे स्कॉटच. म्हणून मला तरी वाटतं नाव आणि नकाशा दोन्ही माहेरचेच म्हणायचे.

राहिला लिहिण्याचा प्रश्न. उच्चाराला जवळचं 'कर्क'च आहे, 'किर्क' नको. नुसतं कर्क लिहिलंत तर लोक राशिभविष्य समजतील, म्हणून पुढे एकदा कंसात 'स्कॉटिश चर्च' टाका.